ट्यूनिंगची महाग साधने पाच मित्रांत घ्यायची, तर खर्च कसा वाटावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही पाच मित्र पुण्यात राहता आणि आपापल्या गाडीवर स्वतः काम करण्याची हौस बाळगता. तुमची पोलो जीटी टीएसआय, दुसऱ्याची ऑक्टाव्हिया टीएसआय, तिसऱ्याची जुनी होंडा सिटी व्हीटेक आणि उरलेल्या दोघांकडे डिझेलच्या गाड्या, एक स्विफ्ट आणि एक फियाट पुंटो. वाइडबँड मीटर (एक्झॉस्टवरून हवा-इंधनाचे प्रमाण मोजणारा), फोक्सवॅगन-स्कोडासाठीचा निदान इंटरफेस (गाडी लॅपटॉपला जोडून बिघाड वाचणारा), टायमिंग लॉक करण्याचे किट (काम करताना इंजिनाचे शाफ्ट जागेवर धरणारे), लीक-डाउन टेस्टर, चांगला टॉर्क रेंच (बोल्ट ठराविक जोराने आवळणारा) आणि ईसीयूवर, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकावर, काम करताना बॅटरीला आधार देणारा सप्लाय एवढी साधने मिळून घ्यावीत, खर्चाचे पाच समान भाग करावेत आणि सामान तुमच्या कर्वेनगरच्या घरी ठेवावे, असे ठरत आहे. एका मित्राचा आग्रह रीमॅपिंगचे, म्हणजे ईसीयूतला प्रोग्रॅम बदलण्याचे, नकली साधन स्वस्तात आणण्याचा आहे, आणि ऑक्टाव्हियावाला मित्र वर्षभरात बेंगळुरूला जाणार आहे. एवढ्यावर ‘समान वाटणी योग्य आहे का’ असे तुम्ही विचारले आहे.

माझे मत असे की समान वाटणी तुमच्या बाबतीत योग्य नाही, आणि त्याचे कारण कोणाची ऐपत किंवा मैत्री हे नाही. ‘साधनांचा खर्च’ म्हणून तुम्ही जी एक रक्कम धरली आहे, तिच्यात वेगवेगळ्या स्वभावाचे चार खर्च मिसळलेले आहेत. काही साधने वर्षानुवर्षे टिकतात आणि वापराने फारशी झिजत नाहीत. काही भाग वापरताच खर्च होतात. काही पैसे साधनाचे नसून एका विशिष्ट गाडीसाठी मिळणाऱ्या परवान्याचे असतात. आणि चौथा खर्च आज कोठेच दिसत नाही. काही बिघडले, हरवले किंवा एखादा ईसीयू निकामी झाला तरच तो उभा राहतो. गट तुटतात ते बहुतेक या चौथ्या खर्चावरून. मी भोसरीत वर्कशॉप चालवतो आणि हौशी लोकांची सामायिक साधने बरीच वर्षे माझ्याकडे ठेवायला असतात, त्यामुळे ही भांडणे मी जवळून पाहिली आहेत. खरेदीच्या दिवशी पैशांवरून वाद झालेला मला आठवत नाही. वाद होतो तो नंतर, साधन मोडलेले परत आल्यावर.

आधी हे मान्य करतो की पुढचे बरेचसे परिस्थितीवर अवलंबून आहे. पाचही गाड्यांचे इंजिन एकाच कुटुंबातले असते, तर मी समान वाटणीला लगेच होकार दिला असता. तुम्ही सगळे एकाच सोसायटीत राहत असता, तर साधनांच्या ने-आणीचा प्रश्न उरला नसता. कर्वेनगर, वाकड आणि हडपसर असे विखुरलेले असाल, तर शनिवारी संध्याकाळी साधन आणायला निघालेल्या माणसाचा अर्धा वेळ रस्त्यातच जातो आणि तो हळूहळू स्वतःचे साधन घेण्याच्या विचाराला लागतो. वर्षातून कोण किती वेळा काम करतो, यावरही पुष्कळ ठरते. म्हणून माझे आकडे उदाहरणादाखल धरावेत. हिशेबाची रीत मात्र तशीच ठेवावी.

सर्वांत निर्धास्तपणे वाटून घेण्यासारखे साधन म्हणजे लीक-डाउन टेस्टर. ज्या सिलिंडरची तपासणी करायची तो कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या वरच्या टोकाला आणून, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना, स्पार्क प्लगच्या जागेतून ठराविक दाबाची हवा सोडायची आणि आत टिकलेला दाब दुसऱ्या गेजवर वाचायचा, एवढेच त्याचे काम. हवा कोठून निसटते हे कानाने कळते : ऑइल टाकण्याच्या तोंडातून आवाज आला तर रिंगा, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, थ्रॉटलमधून आला तर इनटेक व्हॉल्व्ह, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले तर हेड गॅस्केट. ट्यूनिंगला हात घालण्यापूर्वी प्रत्येक इंजिनाची ही तपासणी व्हावी असे मी आग्रहाने सांगतो. हे साधन वर्षातून एखाद्या वेळीच लागते, झिजत नाही आणि सुटे भागही सहज मिळतात. मात्र तुमच्यातल्या डिझेलवाल्या दोघांना ग्लो प्लग किंवा इंजेक्टरच्या जागेत बसणारे वेगळे अडॅप्टर लागतील, ते त्यांनी स्वतःच्या पैशाने घ्यावेत. कॉम्प्रेशन गेज घेतलात तर तेही डिझेलचे वेगळेच घ्यावे लागेल, कारण डिझेलचा दाब पेट्रोलच्या गेजच्या मर्यादेबाहेर जातो.

टॉर्क रेंचविषयी थोडे थांबून सांगतो. दिसायला तो पान्ह्यासारखा असला, तरी ते मोजण्याचे साधन आहे आणि सामायिक वापरात सर्वांत आधी बिघडते ते हेच. क्लिक होणाऱ्या रेंचमधली स्प्रिंग काम झाल्यावर सर्वांत खालच्या आकड्यावर सैल करून ठेवायची असते. कोणी हेड बोल्ट आवळून रेंच तसाच पेटीत ठेवला आणि तो दोन महिने ताणलेल्या स्थितीत राहिला, तर पुढच्या माणसाला मिळणारा आकडा भरवशाचा राहत नाही. गंजलेला बोल्ट सोडवण्यासाठी तो वापरणे याहून वाईट. आयएसओ 6789 या मानकात, वापरणाऱ्याने स्वतःची मुदत ठरवली नसेल, तर 12 महिने किंवा 5000 वेळा वापर यांपैकी जे आधी होईल तेव्हा रेंच पुन्हा तपासून घ्यावा, असे धरले आहे, आणि 10 न्यूटन-मीटरच्या वरच्या रेंचसाठी चुकीची मर्यादा अधिक-उणे 4 टक्के आहे. भोसरी-चिंचवड पट्ट्यात एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता असलेल्या कॅलिब्रेशन प्रयोगशाळा आहेत, तेव्हा सोय पुण्यातच आहे. माझा सल्ला असा की चाकांचे नट आणि रोजची कामे यांसाठी प्रत्येकाने साधा रेंच स्वतःचा ठेवावा, आणि गटाचा चांगला रेंच व त्याच्यासोबतचा अँगल गेज (बोल्ट किती अंश फिरला ते दाखवणारा) केवळ इंजिनाच्या आतल्या कामासाठी राखून ठेवावा. वर्षाच्या कॅलिब्रेशनचा खर्च सामायिक निधीतून जावा, वापरणाऱ्याच्या खिशातून नव्हे. कारण तो खर्च वेळेमुळे येतो, कोणा एकाच्या वापरामुळे नाही.

टायमिंग लॉक किटचे गणित वेगळे आहे. तुमच्या दोन डिझेल गाड्यांचे इंजिन मुळात एकच, फियाटचे 1.3 लिटर मल्टिजेट, जे आपल्या शेजारी रांजणगावातही बनत होते आणि इंडिका व्हिस्टापासून लिनियापर्यंत अनेक गाड्यांत बसले. फ्लायव्हील आणि कॅमशाफ्ट जागेवर धरणाऱ्या पिना या दोघांनाच चालतील. पोलो, ऑक्टाव्हिया आणि सिटीवाल्यांना त्यांचा काडीचा उपयोग नाही. मग त्यांनी या किटचे पैसे का द्यावेत? दोघांनी मिळून ते घ्यावे, आणि वापराचा एकच नियम कडकपणे पाळावा : लॉकिंग पिन ही शाफ्टची जागा निश्चित करण्यासाठी असते, घट्ट बोल्ट सोडवताना शाफ्ट अडवून धरण्यासाठी नसते. अडवण्यासाठी वेगळे होल्डिंग टूल लावावे. माझ्याकडे परत आलेल्या वाकड्या पिना जवळजवळ सगळ्या याच कारणाने वाकलेल्या होत्या. वाकलेली पिन लेथवर साध्या लोखंडातून करून घेण्याचा मोह होतो, कारण भोसरीत टर्नर गल्लोगल्ली आहेत. पण मूळ पिनेचा कडकपणा आणि माप दोन्ही जुळले नाहीत, तर एक-दोन अंशांची चूक राहते आणि ती इंजिन सुरू केल्यावरच कळते. पिन गेली, तर दुसरी विकतच घ्यावी.

आता वाइडबँडकडे येतो, कारण तुमच्या यादीत सर्वांत जास्त गैरसमज त्याच्याविषयी असावेत. बॉशचा एलएसयू 4.9 सेन्सर, त्याचा कंट्रोलर आणि आकडा दाखवणारा गेज असे तीन भाग मिळून हे साधन होते. कंट्रोलर आणि गेज वर्षानुवर्षे टिकतात, सेन्सर टिकत नाही. तो आत सुमारे 780 अंश सेल्सियसपर्यंत तापवलेला असतो, आणि जळणारे ऑइल, चुकीचे सिलिकॉन सीलंट किंवा कूलंट यांचा संसर्ग झाला की त्याचे वाचन हळूहळू सरकू लागते. तो सरकला आहे हे गेज सांगत नाही. गेज नेहमीप्रमाणे आकडा दाखवत राहतो आणि तुम्ही त्या आकड्यावर विश्वास ठेवून इंधन कमी-जास्त करत राहता. म्हणून सिटीच्या झिजलेल्या इंजिनात महिनाभर राहिलेला सेन्सर काढून पोलोत बसवणे मला मान्य नाही. पेट्रोलवाल्या तिघांनी कंट्रोलर आणि गेज मिळून घ्यावेत, सेन्सर मात्र प्रत्येकाने आपला आणावा आणि त्याच्यावर गाडीचे नाव लिहून तो वेगळ्या डबीत ठेवावा. एलएसयू 4.9 च्या कनेक्टरमध्ये त्या सेन्सरपुरता जुळवलेला एक रेझिस्टर असतो, त्यामुळे वायर लांबवण्यासाठी कनेक्टर कापू नये; लांबी हवी असेल तर कनेक्टर तसाच ठेवून हार्नेस लांबवावा.

बसवतानाही काळजी हवी. एक्झॉस्टवर 18 मिलिमीटर, 1.5 पिचच्या आट्याची बुशिंग वेल्ड करावी लागते, आणि ती अशा कोनात असावी की सेन्सरचे टोक खाली आणि वायरची बाजू आडव्या रेषेपासून किमान 10 अंश वर राहील; नाहीतर थंड इंजिन सुरू करताना पाइपात साचलेले पाणी तापलेल्या सिरॅमिकवर जाऊन ते तडकते. पावसाळ्यात, रात्रभर उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाडीत हे मी अनेकदा पाहिले आहे. सेन्सर बसवून त्याला वीज न देता गाडी चालवणे हाही त्याला मारण्याचा हमखास मार्ग, म्हणून कंट्रोलर दुसऱ्या मित्राकडे गेला असेल तेव्हा सेन्सर काढून त्या जागी बूच लावावे. आणि वाचन हवा-इंधन प्रमाणात लिहू नका, लॅम्डामध्ये लिहा, म्हणजे प्रत्यक्ष प्रमाणाला संतुलित प्रमाणाने भागून येणाऱ्या आकड्यात. शुद्ध पेट्रोलचे संतुलित प्रमाण 14.7 धरतात, 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला ते सुमारे 13.5 होते. संतुलित मिश्रणाचा लॅम्डा मात्र दोन्हींत 1 म्हणजे 1 च राहतो, आणि तिघांच्या नोंदी एकमेकांशी ताडून पाहता येतात. डिझेल गाडीच्या हौशी कामात या मीटरचा उपयोग इतका मर्यादित आहे, की त्या दोघांकडून त्याचे पैसे घेणे अन्यायाचे होईल.

परवान्यांच्या बाबतीत वाटून घेण्याची मर्यादा साधन बनवणाऱ्यानेच घालून दिलेली असते, आणि ती खरेदीपूर्वी वाचली पाहिजे. उदाहरणार्थ, रॉस-टेकच्या व्हीसीडीएस या फोक्सवॅगन-स्कोडासाठीच्या निदान सॉफ्टवेअरचा हौशी ग्राहकांसाठीचा इंटरफेस तीन किंवा दहा गाड्यांच्या मर्यादेत मिळतो. गाडीचा चासी क्रमांक एकदा नोंदला गेला की ती जागा भरली, मग त्या गाडीवर कितीही वेळा काम करा. एचपी ट्यूनर्स या रीमॅपिंगच्या साधनाच्या पद्धतीत प्रत्येक गाडीसाठी वेगळी क्रेडिट विकत घ्यावी लागतात. कॉब कंपनीचे ॲक्सेसपोर्ट हे रीमॅपिंगचे उपकरण एका वेळी एकाच गाडीशी जोडलेले राहते आणि त्या गाडीतून रीतसर काढल्याशिवाय दुसऱ्या गाडीत चालत नाही. यावरून दिसते की उपकरण सामायिक असले तरी परवान्याचा भाग ज्याच्या गाडीला लागला त्याचाच असतो, आणि गाडी विकली की तो पैसाही गेला. तुमच्या पाचांत व्हीसीडीएसचा उपयोग फक्त पोलो आणि ऑक्टाव्हियाला आहे. उरलेल्या तिघांना बिघाडाचे कोड आणि चालू आकडे वाचण्यासाठी गाडीच्या निदान पोर्टला (ओबीडी) लावण्याचा साधा चांगला स्कॅनर पुरतो.

नकली रीमॅपिंग साधनाविषयी माझे मत स्पष्ट आहे : ते गटाच्या पैशातून घेऊ नये, आणि गटातल्या कोणीही दुसऱ्याच्या गाडीला लावू नये. खऱ्या साधनाच्या किमतीत प्रोटोकॉलची अद्ययावत माहिती, चेकसम (माहिती शाबूत आहे का हे ईसीयू ज्यावरून तपासतो तो आकडा) बरोबर बसवण्याची खात्री आणि लिहिणे अर्ध्यात थांबले तर ईसीयू परत जिवंत करण्याची वाट अंतर्भूत असते. नकली साधनात जुने सॉफ्टवेअर गोठवलेले असते, अनेकदा इंटरनेट बंद ठेवूनच चालवावे लागते, आणि अडचण आली तर विचारायला कोणी नसते. एकट्याने स्वतःच्या गाडीवर हा धोका पत्करणे हा त्याचा निर्णय. पण सामायिक साधनात एका मित्राने वाचवलेल्या पैशांची किंमत दुसऱ्याच्या ईसीयूने मोजली जाते. शिवाय हौशी गटाला मुळात रीमॅपिंगचे साधन लागतेच असे मला वाटत नाही. अलीकडच्या अनेक ईसीयू ओबीडी पोर्टमधून वाचता येत नाहीत, त्या काढून टेबलावर जोडाव्या लागतात. या कामासाठी अनुभवी ट्यूनरला पैसे द्यावेत आणि तुमचे पैसे मोजमापाच्या साधनांत घालावेत, कारण ट्यूनरला चांगला मॅप करण्यासाठी जे लागते ते म्हणजे तुमच्याकडचे विश्वासार्ह आकडे.

बॅटरीला आधार देणारा सप्लाय मात्र पाचांनाही हवा. ईसीयूत लिहिणे चालू असताना इग्निशन चालू असते, मध्येच रेडिएटरचा पंखा फिरू शकतो, आणि जुन्या बॅटरीचा दाब उतरला की लिखाण तुटते. माझ्या ओळखीच्या एका गटात एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये नेमके हेच झाले, आणि ईसीयू उघडून दुरुस्त करून आणेपर्यंत गाडी तिथेच उभी राहिली. बॅटरी चार्ज करण्याचा साधा चार्जर येथे चालत नाही, कारण तो पुरेसा प्रवाह देत नाही आणि त्याचा दाबही स्थिर नसतो. साधारण 13 ते 13.5 व्होल्टवर स्थिर राहून मागणीनुसार प्रवाह देणारे युनिट घ्यावे. यात काटकसर करू नका.

एवढे पाहिल्यावर वाटणी अशी दिसते. पाचांचे सामायिक ते लीक-डाउन टेस्टर, टॉर्क रेंच, अँगल गेज आणि बॅटरी सप्लाय. तिघांचे वाइडबँडचा कंट्रोलर आणि गेज. डिझेलवाल्या दोघांचे लॉक किट. फोक्सवॅगन-स्कोडावाल्या दोघांचा इंटरफेस. सेन्सर, अडॅप्टर आणि परवाना ज्याचा त्याचा. आता हिशेबासाठी कल्पित आकडे घेऊ. सामायिक साधने 40,000 रुपये, वाइडबँड 21,000, लॉक किट 6,000 आणि इंटरफेस 25,000 धरले, तर एकूण 92,000 होतात. समान वाटणीत प्रत्येकाला 18,400 पडले असते. उपयोगानुसार वाटल्यास पोलो आणि ऑक्टाव्हियाला प्रत्येकी 27,500, सिटीला 15,000 आणि डिझेलवाल्यांना प्रत्येकी 11,000 पडतात. समान वाटणीत डिझेलवाले दोघे मिळून दुसऱ्यांच्या साधनांसाठी 14,800 रुपये भरत होते, आणि ती गोष्ट त्यांच्या लक्षात आज ना उद्या आलीच असती.

खरेदीनंतर वर्षाचा खर्चही ठरवावा लागतो. सामायिक 40,000 रुपयांची साधने चार वर्षांनी 16,000 ला विकली जातील असे धरा, म्हणजे 24,000 घसारा, वर्षाला 6,000. मी याचे दोन भाग करतो. अर्धे 3,000 पाचांनी समान द्यावेत, म्हणजे प्रत्येकी 600; हा हवे तेव्हा साधन मिळण्याच्या हक्काचा मोबदला. उरलेले 3,000 वापरावर बसवावेत : वर्षात सगळ्यांचे मिळून 30 वापर होतील असे वाटत असेल, तर दर वापराला 100 रुपये. ज्याने वर्षभर हात लावला नाही तो थोडे देतो, ज्याने दर शनिवारी नेले तो अधिक देतो, आणि निधीत कॅलिब्रेशन आणि दुरुस्तीपुरते पैसे साठतात. ज्याच्या घरी सामान राहते, म्हणजे तुमच्याकडून, वापराचे पैसे घेऊ नयेत. पेट्या पुसणे, पिना मोजणे, पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या बदलणे आणि कोणाला कधी हवे याचे फोन घेणे हे काम आहे, आणि ते फुकटात करणारा माणूस वर्षभरात कंटाळतो.

शेतीत सावड चालते ती बैल कोणाचा, राबला किती आणि आजारी पडला तर कोणी पाहायचे हे सर्वांना आधीच ठाऊक असते म्हणून. तुम्हालाही एवढेच कागदावर आणायचे आहे. त्यासाठी संस्था नोंदवण्याची गरज नाही. सगळ्या भागीदारांच्या सह्यांचे एक-दोन पानी पत्र पुरते. बिल एकाच्या नावाने होते आणि वॉरंटी मागताना ते दाखवावे लागते, म्हणून बिलाची प्रत आणि कोणत्या साधनात कोणाचा किती हिस्सा हे त्या पत्राला जोडावे. कायद्याची बाजूही समजून घ्या. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 151 नुसार दुसऱ्याची वस्तू ताब्यात घेणाऱ्याने, सामान्य शहाणपणाचा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी घ्यायची असते; आणि कलम 152 नुसार तेवढी काळजी घेतली असेल, तर वेगळा करार नसताना नुकसानीची जबाबदारी त्याच्यावर येत नाही. म्हणजे ‘ज्याच्या ताब्यात हरवले त्याने भरून द्यायचे’ असा नियम तुम्हाला हवा असेल, तर तो लिहूनच ठेवावा लागेल. मी हरवण्याच्या आणि मोडण्याच्या बाबतीत तसाच लिहायला सांगतो, आणि भरपाई नव्या किमतीची नव्हे तर त्या वर्षीच्या घसारा वजा किमतीची ठेवतो. साध्या झिजेचा खर्च निधीतून. साधन वापरताना गाडीचे किंवा ईसीयूचे नुकसान झाले, तर ते गाडीच्या मालकाचे, मग रेंच किंवा इंटरफेस कोणाच्याही हातात असो. हा शेवटचा नियम ऐकायला कठोर वाटतो, पण तो नसेल तर मित्राच्या गाडीला हात लावायला कोणी धजत नाही.

साधन देताना आणि घेताना पेटी उघडून दोघांनी पाहावे आणि मोबाइलवर एक फोटो काढावा. फोमच्या प्रत्येक खाचेत काय असते ते झाकणावर लिहून ठेवले, तर रिकामी खाच लगेच दिसते. दहा मिलिमीटरचे एक अडॅप्टर हरवल्याने अख्खा टेस्टर कपाटात पडून राहिलेला मी पाहिला आहे. बाहेरच्या लोकांना साधने भाड्याने देण्याचा विचार मात्र करू नका; तिथे हौस संपून धंदा सुरू होतो, आणि त्याचे कर व जबाबदाऱ्या पाच नोकरदारांनी कशाला घ्याव्यात?

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांपासून वेगळे ठरेल असे फेरफार गाडीत करता येत नाहीत, आणि 2019 च्या दुरुस्तीने बदललेल्या कलम 182अ मध्ये अशा दर फेरफारामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर किंवा डीपीएफ (डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) काढण्यासाठी गटाचे साधन कोणी वापरणार नाही, असे त्या पत्रातच लिहा. पूर्ण थ्रॉटलचे लॉगिंग कात्रजच्या घाटात किंवा बायपासवर करू नका. त्यासाठी डायनो, म्हणजे गाडी जागेवरच रोलरवर चालवून तिची ताकद मोजणारे यंत्र, तासाने घ्यावा. तेथे गाडी रोलरवर बांधणे आणि सोडवणे यातच बराच वेळ जातो, म्हणून दोन-तीन गाड्या एकामागोमाग लावून वेळ वाटून घेतला तर खर्च खरोखर उतरतो. इंजेक्टर धुण्याचे मशीन, हेड फेसिंग असली कामे बाहेर द्यावीत. ती यंत्रे तुम्हाला आयुष्यात दोनदा लागतील.

राहिला बेंगळुरूला जाणाऱ्या मित्राचा प्रश्न. वरच्या हिशेबात सर्वांत मोठा हिस्सा तुमच्यासोबत त्याचाच आहे, आणि तोच सर्वांत आधी जाणार आहे. त्याला भागीदार करून घेतले, तर वर्षाच्या आत त्याचे पैसे परत करण्याची वेळ इतर चौघांवर येईल, आणि इलेक्ट्रॉनिक साधनाची किंमत पहिल्याच वर्षी सर्वांत जास्त उतरलेली असेल. म्हणून त्याला हिस्सा देऊ नका. सामायिक 40,000 चे चार भाग करावेत, प्रत्येकी 10,000. वाइडबँडचे दोन, तुमचा एक आणि सिटीचा एक, प्रत्येकी 10,500. समान वाट्याचे 600 रुपयेही मग चौघांवर वाटून 750 होतील. त्याने परत मिळणारी अनामत ठेवावी आणि दर वापराला सभासदाच्या दुप्पट, म्हणजे 200 रुपये द्यावेत, कारण घसाऱ्याचा समान भाग तो भरत नाही. सेन्सर त्याचा त्याने आणावा.

इंटरफेस तुम्ही एकट्याने घ्यावा. तीन गाड्यांची मर्यादा असलेला घेतलात आणि किंमत 25,000 धरली, तर एका जागेचे साधारण 8,300 होतात. तेवढे मित्राने ऑक्टाव्हियाच्या जागेसाठी एकदाच, परत न मिळण्याच्या बोलीवर द्यावेत. तिसरी जागा तुमच्याकडे मोकळी राहील. पुढे पोलो विकून त्याच कुटुंबातली दुसरी गाडी घेतलीत किंवा गटात नवा सभासद आला, तर ती उपयोगी पडेल, आणि तीही भरली तर मर्यादा पैसे देऊन वाढवून घेता येते. मित्र बेंगळुरूला गेल्यावर त्याच्या गाडीची नोंद इंटरफेसमध्ये राहीलच. सुट्टीत तो पुण्याला गाडी घेऊन आला, तर ती तपासायला नवा खर्च नाही. नंतर चौघांपैकी कोणी बाहेर पडला, तर त्या वर्षीच्या उतरलेल्या किमतीने त्याचा हिस्सा उरलेल्यांनी घ्यावा आणि पैसे सहा महिन्यांत हप्त्याने द्यावेत, असे पत्रात घाला. नव्याने येणाऱ्यानेही तीच उतरलेली किंमत भरावी. चारही सह्या खरेदीची ऑर्डर देण्यापूर्वी घ्या, आणि पहिली खरेदी लीक-डाउन टेस्टर व बॅटरी सप्लायची करा.